कोलारेश : गार किनाऱ्यावरची लाल वाइन

कोलारेश हा पोर्तुगालमधला वाइनचा अगदी छोटा प्रदेश. लिस्बनच्या वायव्येला सिंत्राचे डोंगर आणि अटलांटिक महासागर यांच्यामध्ये जी अरुंद पट्टी उरते, तेवढाच त्याचा विस्तार. इथली लाल वाइन रामिश्को या द्राक्षापासून होते आणि हे द्राक्ष या पट्टीबाहेर जवळजवळ कुणीच लावत नाही. वाइन रंगाने फिकी, जिभेवर आंबट आणि तुरट, अल्कोहोल बेताचे, आणि पहिली काही वर्षे तरी पिणाऱ्याशी फारसे सख्य न करणारी. पोर्तुगालचा उन्हाळा कोरडा आणि कडक असतो. कोलारेशपासून दीड-दोनशे किलोमीटर आत आलेंतेझूच्या पठारावर त्याच उन्हात दाट, गोडसर, १४-१५ टक्के अल्कोहोलच्या वाइन तयार होतात. एकाच देशात, जवळपास एकाच अक्षांशावर इतका फरक पडतो तो समुद्रामुळे.

कोकणच्या माणसाला हे चटकन पटत नाही. रत्नागिरी-मालवणचा समुद्र मे महिन्यात २९-३० अंश तापलेला असतो. त्याच्यावरून येणारा वारा घाम आणतो, गारवा नाही. पोर्तुगालच्या पश्चिम किनाऱ्यावर उलटे घडते. उन्हाळाभर उत्तरेकडून किनाऱ्याला समांतर जोरकस वारा वाहतो. स्थानिक लोक त्याला नोर्तादा म्हणतात. या वाऱ्याने आणि पृथ्वीच्या परिवलनाने मिळून पृष्ठभागावरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले जाते आणि त्याच्या जागी खालचे थंड पाणी वर येते. त्यामुळे ऐन ऑगस्टमध्येही सिंत्राजवळचे समुद्राचे पाणी सहसा २० अंशांच्या खालीच राहते. त्यावरून येणारी दमट हवा त्या पाण्यानेच गार होते आणि तिचे धुके होते. कॅलिफोर्नियाचा सोनोमा किनारा, चिलीतली कासाब्लांका आणि लेयदा ही खोरी, यांच्या वाइनमागेही हेच यंत्र आहे. गार किनाऱ्यावरच्या लाल वाइनचे बरेचसे नामांकित प्रदेश खंडांच्या पश्चिम कडेला सापडतात, त्याचे कारण हेच.

लिस्बनच्या रोसियू स्थानकातून सिंत्राची लोकल सुटते आणि साधारण पाऊण तासात पोचवते. एवढ्या अंतरात हवा बदलते. मी गेलो तेव्हा सप्टेंबर सुरू झाला होता. लिस्बनमध्ये रस्त्याच्या सावलीच्या बाजूने चालावे लागत होते आणि सिंत्राच्या फलाटावर उतरणारे लोक पिशवीतून स्वेटर काढत होते. सिंत्राचा डोंगर उंच नाही, पाचशे मीटरांहून थोडासा अधिक. पण समुद्रावरून येणाऱ्या दमट हवेच्या वाटेत तो एकटाच आडवा उभा आहे. हवा त्याच्यावर चढते, गार होते, आणि माथ्यावर ढगाची टोपी बसते. सगळ्या आसमंतात ऊन असताना हा एवढा डोंगर ओला, शेवाळलेला, नेच्यांनी भरलेला असतो. राजेरजवाड्यांनी उन्हाळ्यासाठी इथे वाडे बांधले ते यासाठीच. हा सारा परिसर १९९५ पासून जागतिक वारसा आहे आणि पर्यटकांची मुख्य गर्दी त्या वाड्यांपाशीच संपते.

या परिसरातल्या एका बागेचा उल्लेख मात्र करायला हवा. पेन्या व्हेर्द ही झुआंव द काश्त्रू यांची जागा. हे पोर्तुगीज भारताचे व्हाइसरॉय होते. दीवचा वेढा त्यांनी १५४६ मध्ये उठवला आणि १५४८ मध्ये गोव्यात त्यांचे निधन झाले. या बागेत सोमनाथाहून आणलेला एक संस्कृत शिलालेख आहे. वाघेला राजा सारंगदेवाच्या काळातला, १२८७ सालचा. प्राच्यविद्येच्या अभ्यासकांत तो ‘सिंत्रा प्रशस्ती’ म्हणूनच ओळखला जातो. गुजरातच्या किनाऱ्यावरचा दगड अटलांटिकच्या धुक्यात कसा आला याची कथा वाइनची नाही, पण कोलारेशच्या वाटेवर ती लागते आणि भारतीय प्रवाशाला तिथे थांबावेसे वाटते.

सिंत्राहून समुद्राकडे एक जुनी ट्राम उतरते. १९०४ पासूनची. उघड्या डब्यांची, लाल रंगाची, वळणावर कुरकुरणारी. ती कोलारेश आणि बांझांव या गावांवरून प्राया दाश मासांशच्या पुळणीपर्यंत जाते. उतार संपेपर्यंत दोन्ही बाजूंना झाडी दाट असते, मग जमीन सपाट होते, झाडे बुटकी आणि एका बाजूला कललेली दिसू लागतात, आणि ओठांवर मिठाची चव येते. सकाळी धुके, दुपारपर्यंत ऊन, त्यानंतर वारा, असा इथल्या उन्हाळ्यातल्या दिवसाचा साधारण क्रम. दक्षिणेला थोड्या अंतरावर काबू दा रोका हे युरोप खंडाच्या मुख्य भूमीचे पश्चिमेकडचे शेवटचे टोक आहे. म्हणजे या मळ्यांच्या पुढे अमेरिकेपर्यंत वाऱ्याला अडवणारे काहीच नाही.

द्राक्षमळा म्हटल्यावर नाशिककराच्या डोळ्यांपुढे मांडव येतो किंवा तारांवर चढवलेल्या सरळ रांगा येतात. कोलारेशचा मळा बाहेरून मळा वाटतच नाही. रस्त्याकडेने रचीव दगडांचे बुटके बांध दिसतात, त्यांच्या आत वाळक्या बोरूचे दाट कुंपण, आणि त्याच्या आत लहान लहान चौकोनांत नुसती वाळू. वेल त्या वाळूवर सरपटत पसरलेली असते. तिला खांब नाही, तार नाही. वारा इतका जोराचा आणि खारा असतो की उभ्या केलेल्या वेलीची पाने करपतात आणि कोवळे शेंडे मोडतात; जमिनीलगत, कुंपणाच्या आडोशाला तेवढी ती वाचते. जूनमध्ये फुलोऱ्याच्या वेळी वारा आणि गारठा एकदम आला की फलधारणा नीट होत नाही आणि घड विरळ राहतात. मध्येच एखादे सफरचंदाचे झाड असते, तेही वाऱ्याला पाठ करून वाढलेले.

घड जमिनीला टेकतात. उन्हाळ्याच्या शेवटी वाळू तापते तेव्हा ते भाजू नयेत म्हणून प्रत्येक फांदीखाली बोरूच्या काडीचा छोटा टेकू देतात. हे काम हाताने, वाकून, वेलीवेलीला करावे लागते. पण ही तापलेली वाळू शत्रू नाही. गार हवेत पाने असताना घडांना खालून ऊब मिळते, दिवसभर शोषलेली उष्णता वाळू संध्याकाळी परत देते, आणि म्हणूनच रामिश्कोसारखे उशिरा पिकणारे द्राक्ष इथे पिकू शकते. कोलारेशची हवा जेवढी गार आहे तेवढीच जमीनही गार असती तर इथे लाल वाइन झाली नसती, असे माझे मत आहे. हवेने रोखायचे आणि वाळूने थोडे ढकलायचे, या ओढाताणीत फळ तयार होते.

वाळूत वेल लावण्याची पद्धत हा कोलारेशचा सर्वांत प्रसिद्ध भाग, आणि प्रसिद्धीला तो पात्र आहे. वरची वाळू वाऱ्याने आणून टाकलेली. तिची जाडी काही ठिकाणी एक-दोन मीटर, काही ठिकाणी त्याच्या कितीतरी पट. तिच्यात पाणी टिकत नाही, पोषणही नाही. खाली चिकणमाती आहे. वेलीची मुळे त्या मातीत पोचली तरच ती जगते. म्हणून लागवडीसाठी वाळूत खोल चर खणून मातीपर्यंत उतरायचे, तिथे काडी रोवायची, आणि वेल जसजशी वर येईल तसतसा चर थोडा थोडा बुजवत न्यायचा. त्याला काही वर्षे लागतात. चराच्या भिंती वाळूच्या, त्या केव्हाही ढासळू शकत. पूर्वी खाली उतरलेला माणूस डोक्यावर टोपली पालथी घालून काम करत असे. वाळू अंगावर कोसळलीच तर टोपलीखाली थोडी हवा राहावी आणि वरच्यांना त्याला बाहेर काढण्याइतका वेळ मिळावा, हा हेतू. आता यंत्राने चर खणतात. टोपल्या राहिल्या जुन्या छायाचित्रांत. वाढलेल्या वेलीच्या फांद्या पुन्हा वाळूत पुरून नवी मुळे धरवतात, त्यामुळे जुन्या मळ्यात एक वेल कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते हे मालकालाही सांगता येत नाही.

याच वाळूने कोलारेशला एकोणिसाव्या शतकात वाचवले. अमेरिकेतून आलेला फिलॉक्सेरा हा मुळांचा रस शोषणारा बारीक कीटक १८६०च्या दशकात युरोपात पसरला आणि पुढच्या काही दशकांत त्याने जवळजवळ सारे द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. हा कीटक जमिनीतल्या भेगांमधून एका मुळाकडून दुसऱ्याकडे जातो. चिकणमातीला भेगा पडतात, सुट्या वाळूला पडत नाहीत. त्यामुळे वाळूत त्याला वाटच सापडत नाही. बाकीच्या युरोपने शेवटी अमेरिकन रानवेलींच्या खुंटावर आपल्या जातींची कलमे बांधून सुटका करून घेतली. महाराष्ट्रातले द्राक्ष बागायतदार ज्या डॉगरिज खुंटावर कलम करतात तोही मूळ अमेरिकन रानवेलीचाच, मात्र त्यांचे कारण पाण्याचा ताण आणि क्षारपड जमीन हे आहे. कोलारेशमध्ये कलम नाही. रामिश्को आजही स्वतःच्याच मुळांवर उभी आहे. चांगल्या वाइनसाठी कलम नसणे आवश्यक असते असे काही नाही, आणि याबाबत वाइनच्या दुनियेत बराच भाबडेपणा चालतो. पण फिलॉक्सेराच्या काळात देशात वाइनचा तुटवडा पडला तेव्हा कोलारेशचा भाव वधारला, लागवड वाढली, आणि एसा द कैरोश यांच्या कादंबऱ्यांतल्या लिस्बनकर पात्रांच्या टेबलावर ही वाइन येऊन बसली, हे खरे.

आता गारव्याने फळात काय होते ते पाहू. द्राक्ष पिकते म्हणजे मण्यात साखर चढते आणि आम्ल उतरते. आम्ले मुख्यतः दोन : टार्टरिक आणि मॅलिक. टार्टरिक आम्ल बऱ्यापैकी स्थिर असते. मॅलिक आम्ल मात्र मणी श्वसनासाठी खर्च करतो, आणि तापमान जितके जास्त तितका हा खर्च वेगाने होतो. गरम प्रदेशात म्हणूनच साखर भरेपर्यंत आंबटपणा संपलेला असतो. कोलारेशला दुपारचे तापमान फार चढत नाही, तेव्हा मॅलिक आम्ल बऱ्याच प्रमाणात शिल्लक राहते. साखरही सावकाश भरते, कारण सकाळच्या धुक्यात प्रकाश कमी आणि दुपारच्या वाऱ्यात पानांची रंध्रे मिटलेली. दर लिटर रसातल्या साधारण १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का अल्कोहोल होते. म्हणजे १२ टक्क्यांच्या वाइनला लिटरमागे सुमारे २०० ग्रॅम साखर पुरते, १५ टक्क्यांना २५० च्या पुढे लागते. कोलारेशची लाल वाइन बहुधा ११ ते साडेबारा टक्क्यांच्या दरम्यान असते.

इथे एक भेद करायला हवा, तो अनेकदा केला जात नाही. गारवा सगळीकडे एकाच तऱ्हेचा नसतो. डोंगराळ किंवा खंडाच्या आतल्या प्रदेशात दिवस तापतो आणि रात्र गारठते. आम्ल टिकते ते रात्रीमुळे. समुद्रकाठी दिवस आणि रात्र यांच्यातला फरकच कमी. रात्र फार थंड नसते, पण दिवसही फार गरम नसतो. आम्ल टिकते ते दिवसामुळे. नाशिकचे उदाहरण याच्या दुसऱ्या टोकाचे आहे. निफाडला जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्याही खाली येतो आणि दुपारी तिशीकडे जातो. शिवाय फळ पिकते ते हवा तापत जाताना, काढणी फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालते. दिवसही तेव्हा साडेअकरा-बारा तासांचा. कोलारेशला जूनमध्ये जवळजवळ १५ तासांचा दिवस मिळतो आणि फळ पिकते ते हवा निवत जाताना, सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरमध्ये. वाढ लांबते, पिकणे लांबते. सालीतले रंगद्रव्य, टॅनिन, सुगंधाची द्रव्ये यांना तयार व्हायला वेळ मिळतो आणि साखर मात्र पुढे पळत नाही. किनारी गारव्याची खरी कमाई कुठली, तर ही.

तिची किंमतही आहे. दमट, गार, पण पाऊस नसलेली हवा भुरी या बुरशीला फार मानवते, त्यामुळे गंधकाची फवारणी चुकत नाही. काढणीच्या सुमारास शरदातला पहिला पाऊस आला तर घड सडू लागतात. अशा वेळी मात्र तोच त्रासदायक वारा घड सुकवून मदत करतो. एखादे वर्ष फारच गार गेले की रामिश्को पुरती पिकतच नाही आणि वाइनमध्ये कच्च्या देठाची चव उतरते. अशा वर्षांची वाइन जुनी झाली तरी सुधारत नाही. गार प्रदेशाचे गोडवे गाणाऱ्यांनी ही वर्षेही चाखून पाहावीत.

रामिश्कोचा मणी लहान आणि साल जाड. रसाच्या मानाने साल आणि बी यांचे प्रमाण जास्त, म्हणजे टॅनिन जास्त. गार किनाऱ्यावरच्या लाल द्राक्षांची राणी म्हणून जगभर पिनो न्वारचे नाव घेतात. तिची साल पातळ, टॅनिन सौम्य, त्यामुळे तिच्यात गारव्याने येतो तो नाजूकपणा. काबू दा रोकाजवळच्या काझाल सांता मारिया या मळ्यात पिनो न्वारही आहे. बोडो फोन ब्रुमर या बॅरनसाहेबांनी नव्वदी ओलांडल्यावर तिथे द्राक्षे लावायला घेतली आणि १०५ व्या वर्षापर्यंत त्यांची वाइन पाहिली. हवा तीच, पण ती पिनो जिथे मृदू होते तिथे रामिश्को कडक होते. हवा फळाची चौकट ठरवते. आतला स्वभाव ज्या त्या जातीचा.

बांझांवला ट्रामच्या वाटेवर कोलारेशची सहकारी अदेगा आहे. १९३१ साली स्थापन झालेली ही पोर्तुगालमधली सर्वांत जुनी सहकारी वाइनरी. त्याआधी, १९०८ मध्ये, कोलारेशची हद्द कायद्याने आखली गेली होती, कारण नाव मोठे झाल्यावर बाहेरची वाइन त्या नावाने विकली जाऊ लागली होती. अदेगाची मुख्य इमारत लांब आणि उंच आहे. दोन्ही बाजूंना प्रचंड लाकडी पिंपे, गडद रंगाच्या विषुववृत्तीय लाकडाची, माणसाच्या दुप्पट उंचीची. त्यांतली बरीच आता रिकामी आहेत आणि अधूनमधून त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत संगीताचे कार्यक्रम होतात. वाइन या जुन्या लाकडात मुरते तेव्हा तिला लाकडाची चव लागत नाही. लाकूड फक्त हवेचा सूक्ष्म शिरकाव होऊ देते. नव्या ओकच्या छोट्या पिंपात ती ठेवली तर व्हॅनिला आणि भाजल्याचा वास या फिक्या वाइनवर सहज स्वार होईल. इथे तो मोह टाळतात आणि ते योग्य आहे.

किण्वनानंतर दुसरी एक क्रिया होते : जिवाणू कडक मॅलिक आम्लाचे मवाळ लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात. गार प्रदेशाच्या लाल वाइनला ही क्रिया जवळजवळ अनिवार्य, कारण तिच्याविना आंबटपणा सोसवत नाही. तरीही उरलेली आम्लता भरपूर असते आणि तिचे दोन परिणाम दिसतात. आम्लता जास्त असली की लाल रंगद्रव्य अधिक झळझळीत दिसते, म्हणून कोलारेशचा रंग फिका असला तरी मळकट नसतो, माणकासारखा चमकतो. दुसरे म्हणजे आम्ल आणि टॅनिन मिळून वाइनला टिकवतात. १९३०च्या दशकातल्या कोलारेशच्या बाटल्या आजही उघडल्या जातात आणि पिण्याजोग्या निघतात.

कोवळ्या रामिश्कोचा पहिला घोट निमूटपणे घेता येत नाही. आंबट चेरी, डाळिंबाचे दाणे, मग राळेसारखा, ओल्या लाकडासारखा वास, आणि मागून जांभूळ खाल्ल्यावर जीभ जड व्हावी तसा तुरटपणा. फळाचा गोडवा त्याला झाकायला पुढे येत नाही. अदेगात माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका पर्यटकाने पेला अर्धवट ठेवून दिला, आणि त्याला दोष देता येत नाही. दहा-पंधरा वर्षांनी टॅनिनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात, त्यांतले काही साका होऊन तळाशी बसतात, तुरटपणा मवाळ होतो. रंग विटकरीकडे झुकतो. वाळलेली पाने, तंबाखू, देवदार, थोडे आयोडीन, वाळलेल्या संत्र्याची साल असे वास वर येतात. आम्ल मात्र जागच्या जागी असते, आणि त्यामुळे वीस वर्षांची वाइनही थकलेली वाटत नाही.

खारटपणाबद्दल बरेच बोलले जाते. कोलारेशमध्ये समुद्राचे तुषार पाने आणि घडांवर बसतात यात शंका नाही. करपलेली पाने ती साक्ष देतात. पण पेल्यात जे खारट म्हणून जाणवते त्याचा बराचसा भाग, मला वाटते, गोडव्याच्या अभावाचा असतो. साखर नाही, अल्कोहोलची ऊब नाही, फळाचा भरघोस वास नाही. अशा वेळी जिभेला आंबट-तुरटाच्या कडेने खारट सापडते. समुद्र पाहून आलेल्या माणसाला ते जास्त सापडते. तरी तो भास म्हणून सोडूनही देता येत नाही, कारण किनाऱ्यापासून थोड्या आत, घट्ट मातीत, बहुधा दुसऱ्या जातींपासून केलेल्या लाल वाइनमध्ये तो तितकासा येत नाही. त्या वाइन जास्त गोलाईच्या, लवकर पिण्याच्या. वाळूतल्या द्राक्षांनाच कोलारेशचे नाव लावता येते आणि मातीतल्यांना नाही, या नियमामागे केवळ परंपरेचा हट्ट नाही.

विसाव्या शतकात कोलारेश आटत गेले. त्याला हवामान कारण नव्हते. लिस्बन वाढले, रस्ते झाले, समुद्राचे दर्शन देणाऱ्या वाळूच्या तुकड्यावर द्राक्षांपेक्षा सुट्टीतले घर कितीतरी जास्त फायद्याचे ठरले. खोल चर खणायला मजूर मिळेनात. लोकांची आवड दाट, गोडसर, लवकर खुलणाऱ्या वाइनकडे गेली आणि रामिश्को त्या आवडीत कुठेच बसत नव्हती. आज वाळूतले मळे मोजून पंचवीस-तीस हेक्टरांच्या घरात आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या एखाद्या मोठ्या द्राक्ष गावात याहून जास्त क्षेत्र भरेल. ओहोटी थांबवण्यात ज्यांचा हात आहे त्यांत आल्मोसाझेमची १८०८ पासूनची व्हियुव्हा गोमेश ही पेढी आणि फुंदासांव ओरिएंत ही संस्था येते. पणजीच्या फोंताईन्यासमधून जाणाऱ्या गोवेकरांना या संस्थेचे नाव तिच्या तिथल्या कार्यालयामुळे ओळखीचे असते. पोर्तुगाल आणि पूर्वेकडचे देश यांच्यातल्या सांस्कृतिक संबंधांसाठी ती काम करते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस तिने कोलारेशमधला मळा घेतला आणि रामिश्कोची लागवड वाढवली. अलीकडे कमी अल्कोहोलच्या, ताज्या चवीच्या लाल वाइनला जगात पुन्हा मागणी आली आहे, आणि उन्हाळे तापत चालल्याने गार किनाऱ्यांची जमीन शोधली जाते आहे. कोलारेशला त्याचा लाभ होतो आहे, पण जमिनीचा भाव अजूनही घरे बांधणाऱ्यांच्याच हातात आहे.

ही वाइन उपाशीपोटी चाखून तिच्याबद्दल मत बनवू नये. स्निग्ध पदार्थाबरोबर तिचा तुरटपणा कामाला येतो : भाजलेले कोकरू, करडाचे मांस, मेंढीच्या दुधाचे कडक चीज. खारवलेल्या कॉड माशाशी पोर्तुगीज लोक ती खुशाल घेतात, आणि मुरलेली बाटली असेल तर ते जमतेही. तिखटाशी मात्र हिचे जमत नाही. टॅनिन आणि मिरची एकमेकांची धार वाढवतात, त्यामुळे मालवणी रश्शाबरोबर किंवा गोव्याच्या शाकुतीबरोबर कोवळी रामिश्को उघडणे म्हणजे दोघांवर अन्याय. त्यापेक्षा कमी मसाल्याचे भाजके मटण बरे. वाइन खोलीच्या तापमानाहून थोडी गार, १५-१६ अंशांवर घ्यावी, कारण त्याहून थंड केली तर तुरटपणा बोचतो. कोवळी असेल तर जेवणाआधी तासभर रुंद भांड्यात ओतून ठेवावी. जुनी बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवावी, म्हणजे साका तळाशी बसतो. ती हळू ओतावी आणि फार वेळ उघडी ठेवू नये. बऱ्याच बाटल्या नेहमीच्या पाऊण लिटरऐवजी अर्ध्या लिटरच्या असतात. उत्पादन थोडे असल्याने देशाबाहेर त्या कमी सापडतात. बांझांवच्या अदेगातल्या दुकानात मात्र मिळतात.